दट्ट्या दाबला की दाब, आकारमान, तापमान यांतलं नक्की काय बदलतं?

निरभ्र

मुलीचा वायूंच्या नियमांचा अभ्यास घेतेय. तिन्ही नियम तिचे पाठ आहेत. तापमान कायम असेल तर दाब आणि आकारमान व्यस्त प्रमाणात, हा बॉईलचा. दाब कायम असेल तर आकारमान तापमानाच्या सम प्रमाणात, हा चार्ल्सचा. आकारमान कायम असेल तर दाब तापमानाच्या सम प्रमाणात, हा गे-ल्युसॅकचा. गणितंही पटापट सुटतात. पण काल तिने जे विचारलं त्यावर मी अडले.

ती म्हणाली, "सायकलमध्ये हवा भरताना पंप तापतो. म्हणजे हवा दाबली की गरम होते. मग बॉईल तापमान कायम आहे असं का म्हणतो? आणि गरम झालेली हवा चार्ल्सच्या नियमाने फुगायला हवी, पण आपण तर तिला दाबून लहान करतोय. दोघांतलं खरं कोण?"

मी "पंप घासून तापतो" असं सांगितलं. तिला ते पटलं नाही आणि मलाही नाही.

दुसरी अडचण प्रयोगातली. २० मिलिलिटरची सिरिंज घेतली (सुई काढून), २० वर दट्ट्या ठेवून तोंड घट्ट बंद केलं, उभी पकडली आणि दट्ट्यावर वजनं ठेवली. १ किलोला दट्ट्या १५ च्या किंचित वर थांबला. २ किलोला साडेबाराच्या जवळ. वजन दुप्पट केलं तर आकारमान निम्मं व्हायला हवं ना? म्हणजे साडेसात यायला हवं होतं. आमचं काय चुकतंय?

प्रयोगवही

तुमचं काहीच चुकलेलं नाही, वाचनं फार सुंदर आली आहेत. फक्त एक वजन मोजायचं राहिलं आहे, ते हवेचं.

२० मिलिच्या सिरिंजचा दट्ट्या साधारण २ सेंटिमीटर व्यासाचा असतो, म्हणजे क्षेत्रफळ ३.१४ चौरस सेंटिमीटर. वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १०.१ न्यूटन. गुणाकार केला की ३१.८ न्यूटन, म्हणजे जवळजवळ ३.२४ किलोचं वजन. तुम्ही काहीही ठेवायच्या आधीच दट्ट्यावर एवढा भार होता. आता हिशोब असा मांडा:

काही न ठेवता: भार ३.२४, आकारमान २०, गुणाकार ६४.८
१ किलो: भार ४.२४, आकारमान १५.३, गुणाकार ६४.९
२ किलो: भार ५.२४, आकारमान १२.४, गुणाकार ६५

तुम्ही १ वरून २ किलो केलंत तेव्हा भार दुप्पट झालाच नाही, ४.२४ चा ५.२४ झाला. हवा २० ची १० करायची असेल तर दट्ट्यावर सव्वातीन किलो ठेवून बघा.

एक सूचना. सिरिंजचं रबर काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटतं, त्यामुळे दट्ट्या खाली येताना जरा आधीच थांबतो आणि वर जातानाही आधीच थांबतो. प्रत्येक वजनाला दोन वाचनं घ्या: एकदा दट्ट्या किंचित खाली दाबून सोडा, एकदा किंचित वर ओढून सोडा. दोन्हींची सरासरी घ्या. एवढं केलं की घरच्या सिरिंजवरही बॉईलचा नियम छान उतरतो.

बॉईलने स्वतः हेच केलं होतं. इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची काचेची नळी, आखूड बाजूचं तोंड बंद, तिथे हवा कोंडलेली, आणि लांब बाजूने पारा ओतत जायचं. १६६२ साली छापलेल्या त्याच्या तक्त्यात पाऱ्याच्या प्रत्येक उंचीत वातावरणाचे २९ इंच आणि वर थोडे मिळवलेले दिसतात. हवा ४८ भाग असताना दाब २९.१ इंच पारा, २४ भाग झाली तेव्हा ५८.८, १२ भाग झाली तेव्हा ११७.६. गुणाकार करून बघा: १३९८, १४११, १४११. हाताने ओतलेल्या पाऱ्यावर आणि काचेला चिकटवलेल्या कागदी पट्टीवर इतकं जुळणं म्हणजे कमाल आहे.

रानवारा

हे वातावरण मिळवायचं कुठे सांगतात? आमच्या गणितात सरळ "दाब २ वातावरण" असं दिलेलं असतं.

प्रयोगवही

@रानवारा, गणितात दिलेला दाब बहुतेक वेळा निरपेक्ष असतो, म्हणजे निर्वातापासून मोजलेला. टायरवरचं गेज मात्र बाहेरच्या हवेपेक्षा आत किती जास्त आहे एवढंच दाखवतं. पंक्चर टायरवर गेज शून्य दाखवतं, पण आत हवा असतेच. वायूच्या नियमात घालायचा तो निरपेक्ष दाब. गेजचा आकडा आला की वातावरण मिळवायचं.

जुनीपाटी

निरभ्रताई, तुमच्या मुलीच्या प्रश्नाने मला फार आनंद झाला. तीस वर्षं शिकवताना हा प्रश्न मोजक्या मुलांनी विचारला. बाकीच्यांना तीन नियम तीन वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवायची सवय लागलेली असते.

बॉईलच्या नियमातलं "तापमान कायम असेल तर" हे त्याचं विधान नाही, ती अट आहे. हवा दाबल्यावर तापमान आपोआप कायम राहतं असं तो म्हणत नाही. कोणीतरी ते कायम ठेवलं तर काय होईल, एवढंच तो सांगतो. अटीचा उल्लेख फ्रान्समध्ये मॅरियटने १६७६ च्या सुमारास केला, म्हणून तिकडे हा नियम त्याच्याही नावाने ओळखतात.

मग तापमान कोण कायम ठेवतं? सिरिंजमध्ये ते काम आजूबाजूची हवा आणि वेळ यांनी केलं. तुम्ही वजन ठेवलंत त्या क्षणी आतली हवा थोडी तापली असणारच. पण २० मिलि हवा म्हणजे जेमतेम २४ मिलिग्रॅम. तिची ती ऊब सिरिंजच्या भिंतीत जायला काही सेकंद पुरतात. तुम्ही वाचन घेईपर्यंत तापमान पुन्हा खोलीइतकं झालेलं होतं. पंपाच्या बाबतीत तुम्ही झटक्यात दाबता, उष्णतेला बाहेर पडायला वेळ मिळत नाही आणि लगेच दुसरा झटका येतो.

आता हवा का तापते, ते. हवेचे रेणू खोलीच्या तापमानाला सेकंदाला साधारण ५०० मीटर वेगाने धावत असतात. दट्ट्या स्थिर असेल तर रेणू आदळून त्याच वेगाने परततो. दट्ट्या पुढे येत असेल तर परतणाऱ्या रेणूचा वेग वाढलेला असतो, जसा पुढे येणाऱ्या बॅटवर आदळलेला चेंडू जोरात परततो तसा. रेणूंचा सरासरी वेग वाढला म्हणजेच तापमान वाढलं. तुमच्या हाताने केलेलं काम हवेच्या रेणूंच्या गतीत जमा झालं. घर्षणाचा वाटा असतो, पण लहान. तपासायचं असेल तर पंपाची नळी मोकळी ठेवून तितकेच झटके मारा. घर्षण जवळपास तेवढंच, तरी पंप फारसा तापत नाही. टायरला जोडून मारले की तापतो, तोही मुख्यतः खालच्या टोकाला, जिथे हवा दाबली जाते.

आकड्यांत बघू. हवा २७ अंश सेल्सिअसला, म्हणजे ३०० केल्विनला आहे. आकारमान निम्मं करायचं.

सावकाश केलं: तापमान ३०० च, दाब बरोबर दुप्पट.

झटक्यात केलं, उष्णता अजिबात बाहेर जाऊ दिली नाही: दाब २ च्या १.४ व्या घाताइतका (१.४ हा हवेचा ठरलेला आकडा), म्हणजे २.६४ पट, आणि तापमान २ च्या ०.४ व्या घाताइतकं, म्हणजे १.३२ पट: सुमारे ३९६ केल्विन, म्हणजे १२३ अंश सेल्सिअस.

दाब गुणिले आकारमान भागिले तापमान हे दोन्हींत काढून बघा. पहिल्यात २ गुणिले अर्धा भागिले १, उत्तर १. दुसऱ्यात २.६४ गुणिले अर्धा भागिले १.३२, उत्तर १. भागाकार दोन्हीकडे तोच. तेव्हा बॉईल, चार्ल्स, गे-ल्युसॅक यांत भांडण नाही. पंपात तिन्ही राशी एकदम बदलतात, म्हणून त्या तिघांपैकी कोणाचाच एकट्याचा नियम तिथे चालत नाही, एकत्र नियम चालतो. तो १८३४ साली क्लेपेरॉनने एका समीकरणात बांधला.

निरभ्र

@जुनीपाटी सर, मनापासून आभार. वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "म्हणजे कायम ठेवणारा कोण ते आधी शोधायचं." मला हे वाक्य फार आवडलं. पण चार्ल्सचं अजून नीट बसलं नाही. तापमान वाढलं की आकारमान वाढतं, हे पंपात का होत नाही?

जुनीपाटी

तिने मर्मावर बोट ठेवलंय. तोच प्रश्न चार्ल्सच्या नियमाला लावा: दाब कायम कोणी ठेवला? सैल सरकणारा दट्ट्या असेल तर बाहेरच्या हवेने. आतला दाब किंचित वाढला की दट्ट्या मागे सरकतो आणि दाब पुन्हा बाहेरच्याइतका होतो. पंपात दट्ट्या तुमच्या मुठीत आहे. तो मागे सरकू शकत नाही, मग तापलेल्या हवेला फुगायला जागाच नाही. तिचं फुगणं दाबाच्या रूपाने तुमच्या हाताला जाणवतं.

आकारमान कायम ठेवतात कडक भिंती. तापमान कायम ठेवतो परिसर, त्याला वेळ दिला तर. आणि चौथी गोष्ट बहुतेक पुस्तकं एका ओळीत उरकतात, ती म्हणजे वायूचं प्रमाण. रेणूंची संख्या कायम ठेवतं झाकण. झाकण गळत असेल तर तिन्ही नियम कोसळतात.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्या मुलीच्या शंकेपाशी खुद्द न्यूटनचा हिशोब अडला होता. १६८७ च्या ग्रंथात त्याने ध्वनीचा वेग काढला तेव्हा हवेच्या दाबल्या जाण्याला बॉईलचाच नियम लावला, म्हणजे तापमान कायम धरलं. उत्तर खऱ्या वेगापेक्षा सुमारे १५ टक्के कमी आलं. ध्वनीच्या लाटेत हवा इतक्या भराभर दाबली आणि सुटी होते की उष्णतेला इकडून तिकडे जायला वेळच नसतो. ती आपल्या पंपासारखी आहे, सिरिंजसारखी नाही. हे १८१६ मध्ये लाप्लासने दुरुस्त केलं. न्यूटनच्या सूत्रात दाबाच्या जागी १.४ पट दाब घातला की वेग वर्गमूळ १.४ ने, म्हणजे १.१८ पटीने वाढतो आणि प्रयोगाशी जुळतो. जवळजवळ १३० वर्षं अडलेली गोष्ट "इथे तापमान कायम राहतं का" एवढ्या प्रश्नाने सुटली.

रानवारा

केल्विन का वापरायचं हे मला अजून नुसतं पाठ आहे. २० अंशांचे ४० अंश झाले तर तापमान दुप्पट झालं असं का म्हणायचं नाही?

प्रयोगवही

कारण सेल्सिअसचं शून्य आपण पाण्याच्या गोठण्यावर ठेवलं आहे. रेणूंना त्याच्याशी काही घेणंदेणं नाही. २० अंश म्हणजे २९३ केल्विन, ४० अंश म्हणजे ३१३. वाढ फक्त ७ टक्क्यांची.

हे शून्य सापडलं कसं, ते समजून घे म्हणजे पाठ करायची गरज उरणार नाही. दाब कायम ठेवून वायू तापवला तर प्रत्येक अंशाला तो शून्य अंशाच्या आकारमानाच्या ठरावीक हिश्शाने फुगतो. चार्ल्सने हे १७८७ च्या सुमारास पाहिलं पण छापलं नाही. १८०२ मध्ये गे-ल्युसॅकने स्वतःची मोजमापं छापली आणि चार्ल्सचं श्रेय प्रामाणिकपणे नमूद केलं, म्हणून आज नियमाला चार्ल्सचं नाव आहे. गे-ल्युसॅकचा आकडा होता: शून्य ते शंभर अंशांत १०० भाग हवा १३७.५ भाग होते. म्हणजे दर अंशाला साधारण २६७ वा हिस्सा. पुढे काटेकोर मोजमापांनी तो २७३ वा ठरला. यातली मोठी गोष्ट अशी की हवा असो, हायड्रोजन असो, ऑक्सिजन असो, हिस्सा जवळपास तोच. द्रव आणि घन पदार्थांत असं नसतं, प्रत्येकाचं फुगणं वेगळं.

आता आलेखाची रेघ मागे ओढ. दर अंशाला २७३ वा हिस्सा कमी होत गेला तर उणे २७३ ला आकारमान शून्य. खरा वायू तिथे पोचायच्या आत द्रव होतो, पण रेघ तिथेच टेकते. दाबाच्या बाजूनेही हेच दिसतं. फ्रान्समधल्या आमाँतोंने १७०० च्या आसपास कोंडलेल्या हवेचा दाब मोजून हवेच्या दाबाला तळ असणार हे ओळखलं होतं. १८४८ मध्ये केल्विनने निरपेक्ष मापाची कल्पना पक्की केली. आज ते शून्य उणे २७३.१५ अंश सेल्सिअस आहे.

टायरचं उदाहरण करून बघ. २७ अंशांना गेजवर ३२ पीएसआय (पौंड दर चौरस इंच). रस्त्यावर धावून टायर ५७ अंशांना तापला. आकारमान जवळपास तेवढंच. गेज किती दाखवेल?

रानवारा

३२ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले, ४६.७. गुणिले ३३० भागिले ३००, म्हणजे ५१.४. त्यातून १४.७ वजा, ३६.७ पीएसआय. बरोबर?

प्रयोगवही

अगदी बरोबर. म्हणूनच हवा टायर थंड असताना तपासायची असते. तापलेल्या टायरमधून "जास्त झाली" म्हणून काढली तर थंड झाल्यावर कमी पडते.

यंत्रविद्या

मी इंजिनांवर काम करतो, म्हणून झटक्यात दाबण्याबद्दल भर घालतो. डिझेल इंजिनात ठिणगी लागत नाही. नुसती हवा सिलिंडरमध्ये आत घेतात आणि सुमारे अठराव्या हिश्शापर्यंत दाबतात. वर सरांनी वापरलेलं सूत्र लावा: १८ चा ०.४ वा घात म्हणजे ३.१८. ३०० केल्विनची हवा ९५० केल्विनला, म्हणजे ६८० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. प्रत्यक्षात भिंतींना उष्णता जाते म्हणून थोडं कमी. पण फवारलेलं डिझेल आपोआप पेटायला ते भरपूर आहे. थंडगार इंजिन सुरू व्हायला त्रास देतं, त्याचं एक कारण हेच: धातू थंड असतो आणि दाबलेल्या हवेची उष्णता भिंतीच ओढून घेतात. सावकाश फिरवलं तर आणखी वाईट, कारण उष्णतेला बाहेर पडायला जास्त वेळ मिळतो.

आता एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. गे-ल्युसॅकच्या नियमाचं उदाहरण म्हणून प्रेशर कुकर दिलेला मी अनेकदा पाहिला आहे. ते उदाहरण चुकीचं आहे, आणि किती चुकीचं ते आकड्यांत दिसतं. कुकरमध्ये दाब दुप्पट होतो तेव्हा तापमान १०० वरून सुमारे १२० अंश झालेलं असतं. केल्विनमध्ये ३७३ वरून ३९३. नुसत्या वायूचा दाब यामुळे ५ टक्के वाढला असता. उरलेली वाढ कुठून आली? नवीन वाफेतून. तळाशी पाणी आहे, तापमान वाढलं की आणखी रेणू पाण्यातून वर येतात. रेणूंची संख्या कायम नाही, मग गे-ल्युसॅक तिथे लागूच नाही. तळाशी पाणी असेल तर त्या तापमानाला वाफेचा दाब किती हे पाणीच ठरवतं.

गॅस सिलिंडरचंही तेच. आत बराचसा द्रव असतो आणि वर त्याची वाफ. सिलिंडर भरलेला असो की पाव उरलेला, तापमान तेच असेल तर आतला दाब तोच. म्हणून दाबाच्या गेजवरून किती गॅस उरला हे कळत नाही, वजनच करावं लागतं. ऑक्सिजनच्या सिलिंडरमध्ये मात्र आत सगळा वायूच, तिथे गेज निम्म्यावर आलं की ऑक्सिजन निम्मा उरला, हा हिशोब चालतो.

सांजवारा

म्हणूनच फवाऱ्याचा डबा दाबून धरला की हातात गार पडतो ना? वायू पसरला की थंड होतो, दाबला की गरम. सरळ उलट.

यंत्रविद्या

@सांजवारा, डबा गार पडतो तो मुख्यतः आतला द्रव उकळून वाफ होतो म्हणून. बाष्पीभवनाला लागणारी उष्णता डब्याकडून घेतली जाते. गॅस शेगडीवर खूप वेळ मोठी ज्योत ठेवली की सिलिंडरच्या खालच्या भागावर दव जमतं, तेही द्रवाच्या पातळीपर्यंतच. ती ओल म्हणजे आतल्या पातळीची खूण.

जुनीपाटी

"वायू पसरला की थंड होतो" हे अर्धंच खरं आहे, हे मुलांना आवर्जून सांगायला हवं. दट्ट्याला ढकलत पसरला तर थंड होतो, कारण मागे जाणाऱ्या दट्ट्यावर आदळलेला रेणू वेग गमावून परततो. पण समोर निर्वात असेल तर? ढकलायला काहीच नाही, काम काहीच नाही.

ज्यूलने १८४५ च्या सुमारास दोन तांब्याची भांडी घेतली, एकात दाबलेली हवा, दुसरं रिकामं केलेलं, मध्ये तोटी, आणि दोन्ही पाण्यात बुडवलेली. तोटी उघडली, हवा दुप्पट जागेत पसरली. पाण्याच्या तापमानात त्याला फरक सापडला नाही. आकारमान दुप्पट, दाब निम्मा, तापमान तेच. पुढे केल्विनबरोबर जास्त बारीक प्रयोग केल्यावर खऱ्या वायूंत थोडा फरक दिसला, कारण रेणू एकमेकांना किंचित ओढतात. पण पहिली गोष्ट पहिली: थंड होण्याचं कारण पसरणं नाही, पसरताना केलेलं काम आहे.

सांजवारा

हे मला खरंच माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं पसरणं आणि थंड होणं एकच समजत होतो. धन्यवाद सर.

खोलपाणी

मी सिलिंडर लावून पाण्याखाली बुडी मारायला (स्कूबा डायव्हिंग) शिकवतो. आमच्याकडे बॉईलचा नियम जीवाशी संबंधित आहे, म्हणून लिहितो.

समुद्रात दर १० मीटरला साधारण एक वातावरण दाब वाढतो. पृष्ठभागावर १, दहा मीटरवर २, वीसवर ३. नवशिक्याला वाटतं खोल जाणं धोक्याचं आणि वरचे दहा मीटर सोपे. उलट आहे. ३० वरून २० मीटरवर येताना दाब ४ चा ३ होतो, फुप्फुसातली हवा एक तृतीयांशाने फुगते. १० वरून पृष्ठभागावर येताना २ चा १ होतो, हवा दुप्पट. दहा मीटरवर सिलिंडरमधून पूर्ण श्वास घेऊन, श्वास रोखून कोणी वर आला तर ६ लिटरची हवा १२ लिटर व्हायला बघते. फुप्फुस फाटतं. म्हणून पहिल्या दिवसाचा पहिला नियम: श्वास कधीही रोखायचा नाही, वर येताना तर मुळीच नाही.

सिलिंडर भरण्यातही मुलीचा प्रश्न लपलेला आहे. घाईने भरला की सिलिंडर गरम होतो. ५० अंशांना गेजवर २०० बार (एक बार म्हणजे जवळपास एक वातावरण) दिसले म्हणून भरणं थांबवलं, तर पाण्यात २० अंशांना तो १८० च्या आसपास येतो. हवा गळालेली नसते. नवे लोक घाबरून झडप तपासत बसतात. मी आधी सिलिंडरला हात लावून बघायला सांगतो.

रानवारा

एक अजून. गरम हवेचा फुगा वर जातो तेव्हा तापमान वाढलं, पण फुगा आधीच पूर्ण फुगलेला असतो, म्हणजे आकारमान तेच. खालचं तोंड उघडं, म्हणजे दाबही बाहेरच्याइतकाच. मग काय बदललं?

निरभ्र

याचं उत्तर मुलीने दिलंय, तसंच लिहिते: "झाकणच नाहीये. रेणू बाहेर गेले."

जुनीपाटी

शंभर टक्के बरोबर. आकडा देतो. बाहेर २० अंश, आत १०० अंश. २९३ भागिले ३७३, म्हणजे ०.७९. आतली जवळजवळ एकवीस टक्के हवा खालच्या तोंडातून निघून गेली. २० अंशांना घनमीटर हवेचं वजन १.२ किलो, म्हणजे प्रत्येक घनमीटरमागे पाव किलोची उचल. माणसं न्यायची म्हणजे फुगा हजारो घनमीटरचा का लागतो ते यातून कळतं. चार्ल्सने १७८३ मध्ये हायड्रोजनचा फुगा उडवला, त्याला एका घनमीटरमागे किलोहून जास्त उचल मिळते, म्हणून त्याचा फुगा बराच लहान होता.

प्रयोगवही

खऱ्या वायूंबद्दल थोडक्यात, नाहीतर कोणीतरी विचारेलच. हे सगळं रेणू एकमेकांपासून लांब असताना चालतं. फार दाबलं किंवा फार थंड केलं की रेणूंचा स्वतःचा आकार आणि आपसांतली ओढ मोजावी लागते. कार्बन डायॉक्साइड ३१ अंशांच्या खाली दाबत गेलात तर एका टप्प्यावर दाब वाढायचा थांबतो आणि वायू द्रव होऊ लागतो, बॉईल तिथे संपतो. ३१ च्या वर कितीही दाबा, द्रव वेगळा पडत नाही. हे अँड्र्यूजने १८६९ मध्ये दाखवलं, आणि व्हॅन डर वाल्सने १८७३ मध्ये दोन दुरुस्त्या घालून समीकरण दिलं. घरच्या सिरिंजला यातलं काही लागत नाही.

निरभ्र

आज आम्ही दुसरा प्रयोग केला. सिरिंजमध्ये १५ मिलि हवा, तोंड बंद, दट्ट्या मोकळा, आडवी धरून कोमट होईपर्यंत नाही तर चांगल्या ६० अंशांच्या पाण्यात बुडवली (पाण्यात चिमट्याने मीच धरली होती). खोली २५ अंशांना. तिने आधी कागदावर उत्तर काढलं: १५ गुणिले ३३३ भागिले २९८, म्हणजे १६.८.

दट्ट्या १६.५ वर थांबला. ती हिरमुसली. मग @प्रयोगवही यांनी सांगितल्याप्रमाणे दट्ट्या किंचित बाहेर ओढून सोडला तर १७ वर थांबला. दोन्हींची सरासरी १६.७५. तिने वहीत दोन्ही वाचनं लिहिली आणि बाजूला स्वतःहून लिहिलं: "दाब कायम ठेवणारा: बाहेरची हवा. रेणू कायम ठेवणारं: टोपण. तापमान: पाणी." आकारमानापुढे काही लिहिलं नाही. मी विचारलं तर म्हणाली, "ते कोणी धरलंच नव्हतं, तेच तर आपण मोजलं."

उद्या दट्ट्या बांधून टाकून त्याच पाण्यात बुडवायचा तिचा बेत आहे. दाब मोजायला काय वापरता येईल?

प्रयोगवही

दट्ट्या बांधू नका, वजनाने धरा. सिरिंज उभी ठेवा, पाण्यात तोंडाची बाजू खाली. तापल्यावर दट्ट्या वर जाऊ लागेल. १५ च्या खुणेवर परत आणायला वर किती वजन ठेवावं लागतं ते बघा. ३३३ भागिले २९८ म्हणजे १.११७, वाढ ११.७ टक्के, ३.२४ किलोच्या हिशोबाने साधारण ३८० ग्रॅम. तिला आकडा आधी सांगू नका, तिलाच काढू द्या.